रात्रपाळीतला भरवसा: संकटात प्रभूवर विश्वास ठेवायचा म्हणजे नेमकं काय करायचं

मिरजेत नर्सिंगची नोकरी केली, त्यातली निम्मी वर्षं रात्रपाळीत गेली. अशाच एका रात्री आयसीयूबाहेरच्या बाकावर बसलेल्या माणसानं मला थांबवलं. माझ्या गळ्यातला क्रूस त्यानं पाहिला असावा. "सिस्टर, तुमी आपल्यातल्याच न्हवं? मग सांगा. पाळकसाहेब येऊन गेले, म्हणाले, प्रभूवर विश्वास ठेवा. ठेवतो की. पण ठेवायचा म्हंजे करायचं काय? नुसतं बसून ऱ्हायचं?" त्याची बायको आत व्हेंटिलेटरवर होती. मी म्हणाले, "प्रार्थना करा," आणि सलाईन बदलायला आत गेले. माझं उत्तर चुकीचं नव्हतं, पण त्याच्या काही कामाचंही नव्हतं.

पुढं माझ्यावरही वेळा आल्या. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. तिथं धोक्याची पातळी ४५ फुटांची आहे, यावरून अंदाज करा. आमच्या घरातला माळा तेवढा वाचला. दोन वर्षांनी, पुन्हा पुराच्याच दिवसांत, मिस्टर गेले. तेव्हा त्या बाकावरच्या माणसाचा प्रश्न मी स्वतःला विचारायला लागले. हा लेख म्हणजे त्याला उशिरा दिलेलं उत्तर आहे. मी पाळक नाही, धर्मशास्त्र शिकलेली नाही. वॉर्डात आणि घरात जे उपयोगी पडलं तेवढंच सांगते, क्रमानं.

आधी एक गाठ सोडवू

आपल्या मंडळ्यांमध्ये, म्हणजे चर्चांमध्ये, विश्वास म्हणजे मनाची एक अवस्था, असं धरून चालतात. छातीत ऊब, डोळ्यांत शांती, ओठांवर स्तुती. ती अवस्था नसली की माणूस घाबरतो: माझा विश्वास गेला की काय? मग तो ती भावना ओढूनताणून आणायला बघतो, आणि ती येत नाही. तापलेल्या माणसाला "गार हो" म्हटल्यानं तो गार होत नाही.

'आमेन' हा शब्द ज्या हिब्रू धातूपासून आला, त्याचा अर्थ पक्कं असणं, टिकून राहणं. आणि आपल्या मराठीत तर आपण भार 'टाकतो'. बायबलातल्या ५५ व्या स्तोत्रातही आपला भार परमेश्वरावर टाकायलाच सांगितलंय. टाकणं ही हाताची क्रिया आहे. मन थरथरत असतानाही हात हलू शकतात. मार्कच्या ९ व्या अध्यायातला आजारी मुलाचा बाप येशूला एकाच दमात सांगतो की माझा विश्वास आहे, माझा अविश्वास घालवा. येशूनं त्याला "आधी विश्वास पुरा कर, मग ये" असं म्हटलं नाही. पोराला बरं केलं.

म्हणून खाली ज्या पायऱ्या देते आहे, त्या सगळ्या करण्याच्या आहेत. वाटण्याची एकही नाही.

पहिली पायरी: पहिले दोन-तीन दिवस फक्त शरीर सांभाळा

वाईट बातमी कळली, अपघात झाला, पाणी घरात शिरलं. त्या पहिल्या दिवसांत देवाशी असलेल्या नात्याचा हिशोब मांडू नका. नवस, शपथा, "हे झालं तर मी आयुष्यभर ते करीन" असली वचनंही देऊ नका. तेव्हा डोकं ठिकाणावर नसतं.

बायबलातल्या '१ राजे' या पुस्तकाचा १९ वा अध्याय वाचा. कर्मेल डोंगरावर एवढा मोठा विजय मिळवलेला संदेष्टा एलीया जीव वाचवून रानात पळतो, एका झुडपाखाली बसतो आणि मरण मागतो. देवदूत येतो तो उपदेश करत नाही. भाजलेली भाकर आणि पाण्याचा तांब्या ठेवतो. एलीया खातो, झोपतो. देवदूत पुन्हा उठवतो, पुन्हा खायला लावतो. बोलणं त्यानंतर, तेही चाळीस दिवसांची वाट चालून झाल्यावर.

तेव्हा करायचं ते असं. दिवसातून दोनदा तरी ताटावर बसून खा, उभ्या-उभ्या चहा-बिस्किटावर नको. दवाखान्यात पाळ्या लावा. एकानं रात्री थांबायचं, दुसऱ्यानं घरी जाऊन झोपायचं. स्वतःची बीपी-शुगरची गोळी चुकवू नका. आणि आमच्याकडं सर्रास होणारी एक चूक: रुग्णासाठी उपास-प्रार्थना धरली म्हणून मधुमेह असलेली आई दोन दिवस उपाशी राहते आणि तिसऱ्या दिवशी तिलाच ॲडमिट करावं लागतं. मी स्वतः अशा दोन बायांच्या शिरा शोधल्यात. मधुमेह, गरोदरपण, रक्तदाबाची औषधं यांतलं काही असेल, तर डॉक्टरला विचारल्याशिवाय उपास नको. त्याऐवजी टीव्ही बंद ठेवा, मोबाइल बाजूला ठेवा. तोही उपासच.

या दिवसांत प्रार्थना एका ओळीची पुरते. "प्रभू, दया कर." तेही जमत नसेल तर दुसऱ्याला सांगा, "माझ्या वाटची तू कर."

दुसरी पायरी: तक्रार करा, पण ज्याची त्याच्याकडं

ही पायरी बहुतेक लोक गाळतात, आणि माझ्या मते सगळ्यात मोठं नुकसान तिथंच होतं. "देवाला असं बोलू नये" असं लहानपणापासून ऐकलेलं. मग राग जातो कुठं? नवऱ्यावर, सुनेवर, नर्सवर. नर्सवर तर हमखास.

स्तोत्रसंहितेत १५० स्तोत्रं आहेत आणि त्यांतला फार मोठा भाग गाऱ्हाण्यांचा आहे. १३ वं स्तोत्र घ्या, सहा वचनांचं. पहिल्या दोन वचनांतच चार वेळा विचारलंय: कोठवर? किती दिवस विसरणार, किती दिवस तोंड लपवणार. ८८ वं त्याहून कठीण. इतर गाऱ्हाणी शेवटी आशेकडं वळतात, हे वळतच नाही, अंधारातच संपतं. तरीही ते शास्त्रात आहे, कुणी काढून टाकलेलं नाही. आणि क्रुसावर येशूनं २२ व्या स्तोत्राची पहिली ओळ उच्चारली, 'माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास'. तीही तक्रारच. पण तोंड देवाकडंच होतं. पाठ फिरवून केलेली कुरकुर आणि समोर उभं राहून मांडलेलं गाऱ्हाणं यांत हाच फरक.

आपलं गाऱ्हाणं लिहायचं कसं, ते सांगते. वही घ्या. १३ व्या स्तोत्राचाच साचा वापरा. आधी हाक मारा, रोज ज्या नावानं मारता त्याच नावानं: प्रभू, बापा, येशू, काहीही. मग काय झालं ते गुळमुळीत न करता मांडा. मग नेमकं मागा. आणि शेवटी 'तरी'नं सुरू होणारं एक वाक्य, जेवढं खरं असेल तेवढंच. खरं नसेल तर ती ओळ कोरी ठेवा. ८८ व्या स्तोत्राच्या कर्त्यानंही कोरीच ठेवली.

पुरानंतर निवारा केंद्रात, शाळेच्या वर्गात बाकांवर गाद्या टाकून झोपायचो, तेव्हा मी लिहिलेलं जसंच्या तसं देते: "बापा, तीस वर्षं हप्ते भरून घर केलं. तुला माहीत आहे, कारण दर हप्त्याला मी तुझे आभार मानले. आता भिंतीला चिखलाची रेघ आहे आणि कपाटातलं लेकीच्या लग्नाचं सगळं कुजलं. तू कुठं होतास ते मला कळलेलं नाही. मला दोन गोष्टी दे: मिस्टरांना न्यूमोनिया होऊ नये आणि त्या घरात पुन्हा पाय ठेवायची हिंमत. तरी आज सकाळी मी तुलाच हाक मारली, दुसऱ्या कुणाला मारावी हे सुचलं नाही." शेवटची ओळ फार भक्तिमान नाही. तेवढीच खरी होती.

लिहिता येत नसेल, अक्षरओळख नसेल, तर गा. आपल्या 'उपासना संगीत' या गीतपुस्तकात रेव्हरंड ना. वा. टिळकांची गीतं आहेत. अभंगाच्या चालीतली ही भजनं आमच्या आज्या-पणज्यांना तोंडपाठ असत. टिळकांनी आयुष्याची शेवटची वर्षं साताऱ्यात काढली, ख्रिस्तभक्तांचा 'देवाचा दरबार' तिथूनच सुरू केला. १८९५ मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला तेव्हा पत्नी लक्ष्मीबाईंचा संसार मोडल्यातच जमा होता. त्या स्वतः ख्रिस्ती झाल्या १९०० मध्ये. मधली पाच वर्षं रडण्यात, रागात, विटाळाच्या आणि जातीच्या भिंती एकेक करून ओलांडण्यात गेली. ज्यांना "एका रात्रीत सगळं बदललं" अशा साक्षी ऐकून न्यूनगंड येतो, त्यांनी लक्ष्मीबाईंची ती पाच वर्षं आठवावीत.

तिसरी पायरी: कानात घातलेली खोटी वाक्यं वेचून काढा

भेटायला येणारी माणसं चांगल्या मनाची असतात, पण सोबत वाक्यं आणतात. केळी आणि वाक्यं. केळी खा, वाक्यं तपासून घ्या.

"काहीतरी पाप असेल." योहान ९ मध्ये शिष्यांनी जन्मांधाबद्दल हेच विचारलं होतं, पाप कुणाचं, याचं की आईबापांचं? येशू म्हणाला, याचंही नाही, आईबापांचंही नाही. लूक १३ मध्ये शिलोहाचा बुरूज कोसळून मेलेल्या अठरा जणांबद्दलही तो हेच सांगतो, ते काही इतरांपेक्षा जास्त पापी नव्हते. मिस्टर गेले त्या आठवड्यात बाहेरगावचा एक प्रचारक आमच्या घरी आला आणि माझ्या लेकीसमोर म्हणाला, घरात कुठंतरी सैतानाला दार उघडं राहिलं असेल. लेक वर्षभर ते दार शोधत होती. त्या दिवशी मी गप्प बसले, त्याचं मला अजून वाईट वाटतं. तुम्ही गप्प बसू नका. "योहान नऊ वाचा," एवढं म्हणा आणि चहा द्या.

"विश्वास कमी पडला, नाहीतर बरा झाला असता." पौलानं आपल्या शरीरातला काटा निघावा म्हणून तीनदा विनवलं. निघाला नाही. पौलाचा विश्वास कमी होता असं म्हणायची कुणाची छाती आहे?

"सगळं चांगल्यासाठीच होतं." हे रोमकरांस पत्राच्या ८ व्या अध्यायातलं २८ वं वचन तोडून आणलेलं असतं. त्याच्या आधीची वचनं वाचा: सृष्टी कण्हते, आपण कण्हतो आणि पवित्र आत्माही कण्हतो. तिघांचं कण्हणं ऐकल्यावर ते २८ वं वचन येतं. आपण कण्हणं गाळून थेट पेढ्यावर येतो. शिवाय 'झालं ते चांगलं' असं पौल म्हणतच नाही. देव त्यातून चांगलं घडवतो, असं म्हणतो. तिरडीसमोर हे वचन म्हणू नये. सहा महिन्यांनी, त्या घरच्या माणसानं स्वतः काढलं तर बोलावं.

"आपलं घर खडकावर, आपल्याला काय होतंय!" हे आमच्या सांगलीत कुणी म्हणू नये. मत्तयाच्या ७ व्या अध्यायातली ती दोन घरं नीट बघा. पाऊस दोन्हींवर पडला, पूर दोन्हींना आला. खडकावरच्या घराचा पूर टळला असं तिथं लिहिलेलं नाही.

यिर्मया २९:११ तर आता कॅलेंडरवर, कपावर, मोटारीच्या काचेवर असतं, भविष्य आणि आशा देणारं वचन. ते एका पत्रातलं आहे. बाबेलात कैद होऊन गेलेल्यांना यिर्मयानं धाडलेलं पत्र. आणि त्याच्या वरच्याच वचनात सत्तर वर्षं लिहिलीत. म्हणजे ऐकणाऱ्यांपैकी बरेच जण परत येणार नव्हते. पण त्याच पत्रात आधी काय सांगितलंय? घरं बांधा, मळे लावा, त्यांची फळं खा, लेकरांची लग्नं करा. मला कपावरच्या वचनापेक्षा हे जास्त धीराचं वाटतं.

चौथी पायरी: चार्ट ठेवा

वॉर्डात टीपीआरचा चार्ट असतो: टेंपरेचर, पल्स, रेस्पिरेशन. ताप उतरला तरी सिस्टर भरते, नाही उतरला तरी भरते. रात्री दोन वाजता त्या आकड्यानं काही बदलत नाही. पण चार दिवसांचा आलेख एकत्र बघितला की डॉक्टरला जे दिसतं, ते त्या रात्री दोन वाजता कुणालाच दिसलेलं नसतं.

तसाच एक कागद रेघा मारून करा. पहिला रकाना, आज काय घडलं. दुसरा, आज काय मागितलं. तिसरा, आज काय मिळालं आणि कुणाच्या हातून. तिसऱ्या रकान्याला 'उत्तर' म्हणू नका. उत्तर म्हटलं की आपण मागितलेल्या गोष्टीशीच ताडून बघतो आणि रोज रिकामा रकाना दिसतो. माझ्या त्या ऑगस्टमधल्या एका दिवसाची नोंद अशी आहे. घडलं: पाणी अजून उंबऱ्यावर. मागितलं: उतरू दे. मिळालं: वरच्या गावातल्या बायांनी पाठवलेल्या भाकरी आणि चटणी, एक कोरडी साडी, सोबतचा ब्लाउज माझ्या दोन मापं लहान. ब्लाउज पाहून मिस्टर पुरानंतर पहिल्यांदा हसले. तेही तिसऱ्या रकान्यात लिहिलं. भाकरी आणणाऱ्या बाया ख्रिस्ती नव्हत्या, पण रकान्याला त्याचं काही नव्हतं.

सोबत एकच शास्त्रभाग घ्या आणि महिनाभर तोच वाचा. संकटात रोज नवा भाग वाचायची ताकद नसते. आजाराच्या घरात १३ किंवा २३ वं स्तोत्र. पाण्यानं लुटलं असेल तर ६९. त्याची सुरुवातच पाणी गळ्याशी आलंय अशी आहे. जागरणं चालू असतील तर १३०, त्यात पहाटेची वाट बघणारे पहारेकरी आहेत. रात्रपाळी केलेल्याला ते स्तोत्र समजावून सांगावं लागत नाही. पहाट आणणं पहारेकऱ्याच्या हातात नसतं, त्याचं काम जागं राहणं. आणि आजवर एकही रात्रपाळी अशी झाली नाही की सातची सिस्टर आलीच नाही. उशिरा आली, ते सोडा.

पाचवी पायरी: आपलं काम आणि देवाचं काम वेगळं करा

पाळी संपली की नर्स 'ओव्हर' देते. खाट नंबर एक, ऑपरेशनचा दुसरा दिवस, अमुक इंजेक्शन राहिलंय. खाट नंबर दोन, असं करत शेवटपर्यंत. मग पुढचीच्या हातात चाव्या देऊन घरी जाते. ओव्हर न देता गेली तर गुन्हा, आणि ओव्हर देऊनही तिथंच घुटमळत राहिली तर दुसऱ्या दिवशी कामाची राहत नाही.

झोपायच्या आधी प्रभूला असाच ओव्हर द्या. नंबर घालून, मोठ्यानं. "एक, धाकट्याची फी, सोमवारपर्यंत भरायचीय, सातशे कमी आहेत. दोन, यांचा खोकला, उद्या एक्स-रे. तीन, सोसायटीची नोटीस, उत्तर लिहिलंय, सही राहिली." आणि शेवटी, "मी झोपते." १२१ वं स्तोत्र सांगतं की राखणारा डुलकी घेत नाही. दोघांनी जागून काय करायचं?

लक्षात आलं असेल की ओव्हरमध्ये 'मी काय केलं' हेही येतं. भरवसा म्हणजे हात जोडून बसणं नाही. पुरानंतर घर धुवायच्या आधी फोटो काढा, तलाठ्याकडून पंचनामा करून घ्या, विम्याचे कागद वाळवा. दवाखान्याचं बिल डोक्यावर आलं असेल तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत तो दवाखाना आणि तो आजार बसतो का, हे तिथल्या आरोग्यमित्राला पहिल्या दिवशीच विचारा, डिस्चार्जच्या दिवशी नव्हे. राज्यातल्या धर्मादाय रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात ठेवाव्या लागतात. उत्पन्नाचा दाखला काढून ठेवा. तहसील कचेरीतल्या रांगेत उभं राहणं हीसुद्धा प्रार्थनेचीच पुढची ओळ.

औषध की प्रार्थना, हा वाद तर मिरजेत तरी होऊ नये. इथं शुभवर्तमान आणणाऱ्यांनी शस्त्रक्रियेची सुरीही आणली. डॉ. वानलेस यांचं मिशन हॉस्पिटल १८९४ मध्ये सुरू झालं, पुढं क्षयरोग्यांसाठी सॅनेटोरियम झालं, वानलेसवाडी हे नाव त्यांच्यावरूनच पडलं. प्रार्थनेसाठी गोळ्या बंद करायला सांगणारा कुणी भेटला, तर तो मिशनपेक्षा जास्त विश्वासू आहे असं समजू नका.

आणि पैसे मागून बरं करणारे. 'बी पेरा, शंभरपट मिळेल' म्हणत कर्करोगाच्या घरातून दागिना नेणारे मी पाहिलेत. डॉ. दाभोलकरांच्या साताऱ्याच्या शेजारी राहून आपण एवढं तरी शिकावं. २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यात साप, विंचू, कुत्रा चावलेल्याला उपचारापासून रोखून मंत्रतंत्र करणं हा गुन्हा आहे, मग करणाऱ्याच्या हातात कुठलाही ग्रंथ असो. येशूनं बरं केल्यावर कुणाकडूनही पैसे घेतल्याचं एकाही शुभवर्तमानात नाही.

सहावी पायरी: मंडळीला नेमकं काम द्या

"काही लागलं तर सांगा" असं सगळे म्हणतात आणि आपण "नाही हो, प्रभू आहे ना" म्हणतो. दोघंही सुटतात. पकडला जाण्याच्या रात्री गेथशेमाने बागेत येशूनं तसं केलं नाही. त्यानं तिघांना सोबत नेलं आणि थांबा, जागे राहा, असं सांगितलं. ते झोपले, हा भाग वेगळा. पण त्यानं मागितलं.

तेव्हा मंडळीतल्या वडिलांना किंवा महिला मंडळाच्या बाईंना यादी द्या. मंगळवारी आणि शुक्रवारी रात्री दवाखान्यात एक माणूस. पोरांचा शाळेचा डबा पंधरा दिवस. रक्ताचे दोन दाते. पाळकांना सांगा, घरी येऊन प्रभुभोजन द्या. अंथरुणावरच्या माणसाला ते मागायचा हक्क आहे. कॅथलिक असाल तर फादरना कळवा. रुग्ण शुद्धीवर असताना कळवा, शेवटच्या तासाला धावाधाव नको.

सध्या एक नवीन दुखणं आलंय, ते म्हणजे व्हॉट्सॲपवरची प्रार्थना विनंती. कुणाच्या तरी लेकीचा गर्भपात, कुणाचं दारू सोडवणं, कुणाचा एचआयव्हीचा रिपोर्ट, सगळं 'प्रार्थनेसाठी' म्हणून दोनशे लोकांच्या ग्रुपवर. ज्याची गोष्ट त्याला विचारल्याशिवाय आजाराचं नाव टाकू नका. "एका बहिणीसाठी" एवढं लिहिलं तरी देवाला पत्ता कळतो.

दुःखात असलेल्याकडं तुम्ही जाणार असाल तर ईयोबाच्या मित्रांचं अनुकरण करा, पण पहिल्या सात दिवसांचंच. ते सात दिवस-रात्र त्याच्याजवळ जमिनीवर बसले आणि एक शब्द बोलले नाहीत. बोलायला लागले तिथं बिघडलं.

सातवी पायरी: मन आजारी पडलं तर त्यालाही डॉक्टर आहे

दोन आठवडे उलटूनही झोप नाही, भूक नाही, कशातच जीव रमत नाही, रडू थांबत नाही किंवा मुळीच येत नाही, आणि मरणाचे विचार घुटमळतात. ही विश्वासाची परीक्षा म्हणून सहन करायची गोष्ट नाही. मरणाचा विचार आला तर दोन आठवडेही थांबू नका. १४४१६ हा टेली-मानस हेल्पलाइनचा क्रमांक आहे, सरकारी, मोफत, रात्री-अपरात्रीही लागतो. घरच्या एकाला सांगा, त्या माणसाला एकटं सोडू नका, शेतीची औषधं कुलपात ठेवा. नैराश्याची गोळी घेणारा ख्रिस्ती माणूस थायरॉइडची गोळी घेणाऱ्याइतकाच ख्रिस्ती असतो.

आणि मागितलेलं नाहीच मिळालं तर

माझं माहेर तासगाव तालुक्यात, भावाची द्राक्षबाग आहे. एका वर्षी बाग फुलोऱ्यात असताना अवकाळीनं गाठलं. मणीगळ झाली, उरल्यासुरल्यावर डावणी हा बुरशीचा रोग आला. फवारण्यांची उधारी, सोसायटीचं कर्ज, आणि बागेत काही नाही. त्या रविवारी त्यानं उपासनेत शास्त्रपाठ वाचायला मागून घेतला आणि हबक्कूक संदेष्ट्याचा ३ रा अध्याय वाचला. अंजिराला फूल नाही, द्राक्षवेलीला फळ नाही, शेतात अन्न नाही, गोठ्यात गुरं नाहीत, तरी मी परमेश्वराच्या ठायी आनंद करीन. बाहेर आल्यावर मी विचारलं, "खरंच आनंद वाटतो तुला?" म्हणाला, "कसला आनंद. पण त्या गड्यानं आधी बागेचा पंचनामा नीट केलाय बघ. एकेक पीक मोजलंय. मग म्हणतोय. म्हणून त्याचं ऐकावंसं वाटतं."

मिस्टरांसाठी मी जे मागितलं ते मला मिळालं नाही. चार्टमधल्या त्या दिवसाचा तिसरा रकाना कोरा आहे, आणि तो भरायचा प्रयत्न मी केलेला नाही. पंडिता रमाबाईंचं मला इथं आठवतं. आईवडील, भाऊ, नवरा एकामागून एक गेले. १९२१ मध्ये एकुलती लेक मनोरमाही गेली, आणि पुढच्या एप्रिलमध्ये त्या स्वतः. मधल्या महिन्यांत केडगावला त्यांचं बायबलच्या मराठी भाषांतराचं काम चालूच होतं. त्यांना काय वाटत होतं ते मी सांगू शकत नाही. काम चालू होतं, एवढं सांगू शकते.

वर्षश्राद्ध आपण करत नाही, पण तारीख अंगाला आठवते. त्या दिवसाची तयारी आधी करा: कबरस्तानात कुणासोबत जायचं, कुठलं गीत म्हणायचं, दुपारचं जेवण कुणाकडं. एकट्यानं काढायचा दिवस नाही तो.

माझी तारीख ऑगस्टमध्येच सुरू होते. कोयनेतून पाणी सोडल्याची बातमी येते, पुलापाशी किती फूट झालं ते मोबाइलवर यायला लागतं. तीस फूट ओलांडले की छातीत धडधडतं, अजूनही. मग मी कागदपत्रांची पिशवी माळ्यावर टाकते, गॅसची टाकी वर घ्यायला शेजारच्या पोराला हाक मारते, दोन दिवसांच्या भाकरी थापून ठेवते. रात्री खाटेवर बसून ओव्हर देते. एक, नदी. दोन, लेकीचं बाळंतपण, आठवा लागलाय. तीन, भावाची बाग. आणि दिवा मालवते.